गणपतीच्या मास्टरपासून ९ फुटी ब्राँझ पुतळ्याकडे: सांगाडा, ओतकाम, बसवणी याबद्दल विचारायचं आहे

शाडू_पलूस

नमस्कार मंडळी. माझं काम आजवर सगळं बाजारी मॉडेलिंगचं आहे. गणपतीचे मास्टर (ज्यावरून साचा काढतात ती मूळ मूर्ती), स्मृतिचिन्हं, दुकानांसाठी फायबरच्या आकृत्या आणि अडीच फुटी फायबरचे अर्धपुतळे. शाडू, पीओपी, रबराचा साचा आणि फायबर हे चारही हातातले आहेत. धातूत मात्र अजून काही केलेलं नाही.

आता वाळवा तालुक्यातल्या एका गावाला प्रतिसरकारच्या काळातल्या स्वातंत्र्यसैनिकाचा ९ फुटी उभा पुतळा ब्राँझमध्ये करून हवा आहे. फेटा, नेहरू शर्ट, धोतर, उजव्या हातात काठी, डावा हात खांद्याच्या उंचीला समोर उचललेला. चौथरा ८ फुटांचा धरलाय. ३ फुटी नमुना मातीत तयार आहे, समितीला पसंत आहे.

माती किती लागेल आणि सांगाडा कसा करायचा? नमुना तिप्पट करताना काय बदलतं? कुपवाड किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीत ओतून मिळेल का? धातू किती किलो धरायचा? आणि अर्धपुतळ्यावरून थेट ९ फुटांवर जाणं शहाणपणाचं आहे का, हेही स्पष्ट सांगा.

---

मातीकाम_सांगली

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. बाजारी कामातून मोठ्या शिल्पाकडे जाणं आपल्याकडे नवीन नाही. सासवण्याचे विनायकराव करमरकर गणपती घडवणाऱ्या घरातले; पुण्याच्या शिवाजी मिलिटरी शाळेतला त्यांचा अश्वारूढ पुतळा १९२८ चा. राम सुतार आधी पुरातत्त्व खात्यात मॉडेलर होते, अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या दुरुस्तीवर; मग दिल्लीत सरकारी नोकरी आणि १९५९ मध्ये ती सोडून स्वतंत्र काम. तेव्हा वाट आहे. पण मधली पायरी गाळू नका. या गावाचं काम सुरू होईपर्यंत एक अर्धपुतळा, मग तो कुणाचाही असो, ब्राँझमध्ये ओतून घ्या. ४५ ते ६० किलो धातूत मेण, गाभा (आतली पोकळी राखणारा भराव), ओत, जोड आणि रंग असा सगळा फेरा डोळ्यांखालून जातो, आणि चूक झालीच तर ती एका माणसाने उचलण्याएवढीच असते.

आता मोठेपणाचा हिशोब. उंची तिप्पट झाली की पृष्ठभाग ९ पट होतो आणि घनफळ २७ पट. ३ फुटी नमुना १० मिमीच्या सळईवर आणि तारेवर उभा राहतो; ९ फुटीला ओली शाडू ५०० ते ६०० किलो लागेल, तीही पोट-छातीचा भाग आतून पोकळ ठेवून.

पाया ५ बाय ५ फुटांचा, ७५ मिमीच्या लोखंडी चॅनेलचा वेल्डिंग करून, वर १८ मिमीचा प्लाय. मुख्य आधार ३ इंची बी क्लास पाइप. तुमच्या आकृतीला धोतर आहे हे सोयीचं आहे, पाइप दोन पायांच्या मधून धोतराच्या घोळातून वर नेता येतो. पॅन्टचा पुतळा असता तर तो पाठीमागून कमरेत शिरवावा लागला असता. खांद्यावर आडवा २ इंची पाइप, पायांना १६ मिमीच्या दोन-दोन सळया, बोटांना तांब्याची जाड तार. डोक्याचा पाइप थेट वेल्ड करू नका. पाइपात पाइप घालून बोल्टने आवळा, कारण मोठ्या आकृतीत मान दोन अंशांनी वळवावीशी वाटतेच आणि वेल्ड केलेली मान कापायची म्हणजे चेहरा गेला.

सांगाडा सगळीकडे अंतिम पृष्ठभागापासून किमान २ इंच आत हवा, मनगटाशी १ इंच. त्याहून बाहेर आला की काम निम्म्यावर आल्यावर सळई कातडीतून डोकावते आणि तिथला आकार त्या सळईच्या मर्जीने ठरतो. लोखंडाला रेड ऑक्साइडचे दोन हात द्या, नाहीतर गंज शाडूत उतरतो.

माती नुसत्या जाळीवर थांबत नाही. लाकडी पट्ट्यांच्या ३-४ इंची फुल्या करून बाइंडिंग वायरने लोंबत्या सोडा, दर ६-८ इंचाला एक. खांदा, काख, हनुवटी आणि फेट्याची पुढची बाजू इथे दाट. फुल्या कमी पडल्या की माती रात्रीतून बसते. पहिली खूण म्हणजे काखेच्या वर आडवी बारीक चीर. ती दिसली की नुसती लिंपू नका. तेवढी माती उतरवून फुल्या वाढवा.

उचललेला हात खांद्यापाशी सुटा ठेवा. दीड इंची पाइपात आत सरकेल असा पाइप, आरपार एक बोल्ट. हात वेगळा काढता आला की साचाही वेगळा घेता येतो.

पण त्या हाताबद्दल मोठं दुखणं दुसरंच आहे. चौथरा ८ फूट आणि पुतळा ९ फूट, म्हणजे चेहऱ्याचा मध्य जमिनीपासून साधारण साडेसोळा फुटांवर. माणूस २० फुटांवर उभा, त्याची नजर ५ फुटांवर. चेहरा त्याला सुमारे ३० अंश वर दिसतो. खांद्याच्या उंचीला, शरीरापासून अडीच फूट पुढे आलेला तळवा दिसतो सुमारे ३१ अंशांवर. म्हणजे पुतळ्याच्या डाव्या अंगाला जरा सरकून पाहणाऱ्याला हात बरोबर तोंडावर येणार. ३ फुटी नमुना टेबलावर ठेवून पाहिला म्हणून समितीला हे दिसलेलं नाही. तळवा पायापासून ६ फुटांवर, छातीच्या उंचीला आणलात तर तो हनुवटीच्या जेमतेम खाली राहतो. शिवाय बाहेरच्या बाजूला फूटभर सरकवा. नमुना दाराच्या चौकटीवर चढवून खालून मोबाइलने फोटो काढा, तेच समितीला दाखवा. बदल आत्ता करा, मातीत ९ फुटांवर नाही.

याच कारणाने डोकं थोडं वाढवावं लागतं. साडेसात डोक्यांचं माप धरलं तर ९ फुटांना डोकं १४.४ इंच येतं. तुम्ही १५ ते साडेपंधरा धरा. छाती ते हनुवटी हे अंतरही खालून आखूड दिसतं, तिथे मान अर्धा-पाऊण इंच लांबवली तरी चालते. आणि करारात लिहा की ९ फूट म्हणजे फेट्यासह की डोक्यापर्यंत. फेटा ५-६ इंच घेतो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुणीतरी टेप घेऊन चढतोच.

तिसरं, आकसणं. मेण आणि धातू मिळून साधारण २ ते अडीच टक्के जातं. ९ फुटांत ते अडीच इंचांच्या आसपास होतं. माती ९ फूट अडीच इंच उभी करा.

तिप्पट करण्याची पद्धत: नमुन्याभोवती आणि मोठ्या सांगाड्याभोवती सारख्या प्रमाणाच्या चौकटी, वरून ओळंबे, आणि तिपटीचा कंपास. आधी फक्त १५-२० बिंदू पक्के करा: टाचा, गुडघे, कमरेची दोन हाडं, गळ्याची खोबण, खांदे, कानाची पाळी, नाकाचा शेंडा. हल्ली नमुना स्कॅन करून थर्माकोल सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) कापून देतात, त्याने वेळ वाचतो. पण मशीन नमुन्यातला मऊपणाही तिप्पट करतं. ३ फुटांवर ठीक वाटलेली कड ९ फुटांवर बोथट गोळा होते. थर्माकोल घेतलाच तर तो १ ते दीड इंच आत कापून घ्या, वर शेलॅक मारून चिकन मेश खिळवा आणि पूर्ण पृष्ठभाग मातीत पुन्हा घडवा.

आता हाताची सवय. गणपतीचा मास्टर साच्यातून सुटावा म्हणून आपण खोलगट जागा भरत जातो, समोरून देखणं आणि मागून सपाट करतो, शेवटी पाण्याने गुळगुळीत पुसतो. ब्राँझला यातलं काहीच चालत नाही. त्यावर रंग नाही, डोळे आखणारा पेंटर नाही. सगळं काम सावलीने करायचं असतं. बाहुली १० ते १२ मिमी खोल कोरा आणि वरच्या कडेला एक दाणा मातीचा सोडा. तो उजेड पकडतो आणि १७ फुटांवरून डोळा जिवंत दिसतो. वरची पापणी नेहमीपेक्षा ४-५ मिमी पुढे काढा, तिची सावली डोळ्यावर पडली पाहिजे. मिशी वेगळी वस्तू म्हणून गालावर चिकटवू नका, ओठाच्या उंचवट्यावरून ती निघाली पाहिजे. धोतराच्या चुण्या अर्ध्या इंचाच्या खाचा नकोत. मोठ्या चार-पाच चुण्या ३ इंच खोल, बाकीच्या त्यांच्या पोटात. पृष्ठभागावर लाकडी पट्टीचे, बोटाचे पैलू राहू द्या. पुसून काढलेलं ब्राँझ उन्हात नुसतं चमकतं, आकार सांगत नाही.

---

ओतशाळा_मिरज

मातीबद्दल वर सगळं आलंय. धातूकडे येतो.

कुपवाड, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या बहुतेक भट्ट्या बिडाच्या आहेत. माणसं आपल्या कामात पक्की, पण त्यांचं काम वाळूत, जाड भिंतीचं आणि मशिनिंगला जाणारं. ६ मिमी भिंतीचा पोकळ चेहरा मेणाच्या पद्धतीने (आवरणातलं मेण वितळवून काढायचं आणि त्याच्या जागी धातू) ओतणं हा वेगळा धंदा आहे. चौकशी करताना एकच प्रश्न विचारा: गाभा कशाचा करता आणि किती वेळ भाजता? उत्तर लगेच आलं नाही तर पुढच्या दारी जा.

वजनाचा अंदाज घरी काढता येतो. पृष्ठभाग चौरस मीटरमध्ये, गुणिले जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ८.७ म्हणजे किलो. धोतर-फेट्याच्या ९ फुटी आकृतीचा पृष्ठभाग ७ चौरस मीटर धरा. ६ मिमीला ३६५ किलो. १ मिमी वाढला की ६० किलो वाढतात. व्यवहारात जाडी कुठे ५, कुठे ८ येते, शिवाय आतल्या पट्ट्या आणि जोड, म्हणून ४२५ ते ४८० किलो हा प्रामाणिक आकडा. ओतताना रनर-रायझरचा (धातू आत नेणाऱ्या वाटा आणि जादा धातूचे साठे) धातू वेगळा वितळवावा लागतो, पण तो कापून परत भट्टीत जातो.

क्रम असा. मातीवर पीओपीचा साचा. पहिला थर पाव इंच, त्यात चिमूटभर नीळ, म्हणजे नंतर फोडताना निळं दिसलं की छिन्नी थांबवायची. दुसरा थर काथ्या घालून १ इंच, बाहेरून सळईचा आधार. विभागणीला पातळ पत्र्याच्या पट्ट्या मातीत खोचा. या साच्यातून फायबरची प्रत काढा. ओल्या मातीवर थेट फायबर मारू नका, ओलीने रेझिन नीट पिकत नाही आणि पृष्ठभाग चिकट राहतो. फायबर प्रत तुमची विम्याची पावती आहे. ओतताना एखादा भाग गेला तर तेवढाच पुन्हा करता येतो.

प्रतीचे १४ ते १८ भाग पाडा. कापणी कुठे करायची हे शिल्पकाराने ठरवायचं, ओतणाऱ्याने नाही. सदऱ्याची कड, फेट्याचा पदर, धोतराची मोठी चुणी, मनगटावरची बाही अशा जागी. गालावर, कपाळावर, उघड्या पोटरीवर जोड आला की कितीही घासला तरी तिरप्या उन्हात रेघ दिसते. डोकं फेट्याच्या खालच्या कडेवर आणि गळपट्टीत कापलं तर चेहरा अखंड राहतो.

प्रत्येक भागाचा रबर साचा, त्यात मेण. पहिला हात ब्रशने पातळ आणि गरम, त्यात बुडबुडा राहता कामा नये. मग थर देत ५-६ मिमी. जाडी तपासायची सोपी रीत म्हणजे मेणाचा भाग वजन करा. मेणाचं वजन गुणिले साधारण ९.७ म्हणजे ब्राँझ. तुमच्या पूर्ण पुतळ्याचं मेण ३८ किलोच्या आसपास यायला हवं. ५० आलं तर कुठेतरी ८ मिमीच्या भिंती झाल्यात, त्या आत्ताच खरवडा. मेणावर तुम्ही स्वतः बसा. साच्याच्या रेघा, दबलेल्या कडा, पापणी, नखं हे सगळं मेणात मिनिटांत होतं, धातूत त्याला दिवस लागतो.

वरचं आवरण दोन प्रकारचं. जुनी रीत पीओपी आणि विटेचा भुगा, साधारण एकास दोन, आत गाभाही त्याचाच. गाभा जागेवर राहावा म्हणून मेणातून आरपार ३-४ इंची खिळे, दर ६-७ इंचाला, निम्मे आत, निम्मे बाहेर. खिळे कमी पडले की मेण वितळल्यावर गाभा एका बाजूला टेकतो; तिथे धातूला भोक पडतं आणि समोरच्या बाजूला भिंत दुप्पट होते. हे आवरण ५५० ते ६५० अंशांवर सलग काही दिवस भाजावं लागतं. झालं का हे बघायला हवेच्या भोकावर थंड काच धरा. काचेवर वाफ दिसली तर ओतायचं नाही. आत ओल राहिली की धातू उसळून बाहेर येतो आणि माणसं भाजतात. या एका बाबतीत घाई करणाऱ्याकडे काम देऊ नका.

दुसरी रीत सिरॅमिक शेलची. कोलॉयडल सिलिका आणि झिरकॉनच्या पिठाचं घोळ, वर दाणे, असे ६ ते ८ थर. तपशील सुरेख येतो. भाग अडीच-तीन फुटांपर्यंतच सोयीचे. प्रत्येक थर पूर्ण वाळला पाहिजे, आणि जुलै-ऑगस्टला आपल्याकडे तो वाळत नाही. अर्धवट वाळलेलं शेल मेण काढताना तडकतं. मेण वितळण्याआधी फुगतं, म्हणून शेल हळूहळू तापवत नाहीत, ९०० अंशांच्या तापलेल्या भट्टीत एकदम ढकलतात.

वेळापत्रक यावरून ठरवा. माती दिवाळीनंतर, साचा आणि फायबर जानेवारी-फेब्रुवारी, मेण मार्चपासून, ओत मेअखेर. पावसाळ्यात फक्त जोड आणि घासकाम. तसंही चैत्र ते भाद्रपद तुमचा गणपतीचा हंगाम आहे. आणि नदीकाठी शेड असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराची पाणीपातळी बघून फायबर प्रत आणि साचे माळ्यावर ठेवा.

मिश्रधातू बहुतेक निविदांत ८५-५-५-५ लिहिलेला असतो: तांबं ८५, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. छान वाहतो, घासायला मऊ. पण शिशामुळे वेल्डिंग त्रास देतं, जोडात सुईएवढी भोकं पडतात. १६ भागांचा पुतळा म्हणजे कितीतरी मीटर वेल्डिंग. समिती तयार असेल तर बिनशिशाचा सिलिकॉन ब्राँझ, म्हणजे तांबं ९५, सिलिकॉन ४, मँगेनीज १, जोडायला कितीतरी बरा. ८५ चाच आग्रह असेल तर त्याच घाणीतून (एका वेळी वितळवलेल्या धातूतून) ओतलेल्या सळया वेल्डिंगला वापरायला सांगा, म्हणजे पॅटिना (रसायनांनी आणलेला रंग) दिल्यावर जोडाचा रंग वेगळा दिसणार नाही.

भंगार कुठलं घालतात ते बघा. पितळी नळाच्या भंगारात ॲल्युमिनियम शिरतं, आणि शिशाच्या गनमेटलला, म्हणजे या ८५-५-५-५ ला, ते नावालाही चालत नाही. पृष्ठभागावर साय धरते, भिंत झिरपते. प्रत्येक घाणीचा एक तुकडा घेऊन स्पेक्ट्रो तपासणी (कुठला धातू किती टक्के याची) करून घ्या. आपल्या एमआयडीसीत लॅब आहेत, खर्च किरकोळ आहे. जस्त शेवटी घालायचं कारण ते उडून जातं, मग फॉस्फर कॉपर (धातूतला ऑक्सिजन काढायला), मग ओत. ११०० ते ११८० अंश. पातळ भागाला वरचा आकडा, जाडाला खालचा.

बिघडतं कुठे? मूठ. बाजारी सवयीने मूठ भरीव ठेवतात. भरीव गोळा शेवटी थिजतो आणि शेजारच्या मनगटातून धातू ओढून घेतो, मग मनगटाला भेग. मूठही पोकळ करा. फेट्याच्या जाड पिळापासून पातळ कडेकडे जाताना हेच होतं, तिथे रायझर द्या. धोतराच्या लांब पातळ कडेवर दोन प्रवाह थंड होऊन भेटतात आणि न जुळलेली रेघ राहते. तिथे रनर वाढवा. डागडुजी तिथलाच धातू भरून वेल्डने करतात. मेटल पुट्टीने भरलेली भोकं पॅटिना घेत नाहीत, दोन पावसाळ्यांत ठिपके उठतात.

---

शाडू_पलूस

खूप आभार दोघांचे. हात खाली आणतोय, नमुना उंचावर ठेवून पाहिला, दुखणं तसंच आहे जसं सांगितलंत.

दोन गोष्टी अजून. एका ओतणाऱ्याने किलोवर दर दिला आहे, तयार पुतळ्याच्या वजनावर. समितीला हा दर समजायला सोपा वाटतो. आणि समिती म्हणते परवानगी नंतर बघू, आधी काम सुरू करा. हे कितपत बरोबर?

---

ओतशाळा_मिरज

किलोवर दर घेऊ नका. वजन वाढलं की ओतणाऱ्याला पैसे जास्त, आणि जाडी राखायची मेहनतही वाचते. तुमचा ४५० किलोचा पुतळा ७०० चा होतो, आणि तो वाढीव भार हात, मान आणि घोट्यांवर येतो. पूर्ण कामाचा एक दर ठरवा, त्यात जाडी ५ ते ७ मिमी लिहा आणि जोडण्याआधी प्रत्येक भाग कॅलिपरने मोजायचा हक्क तुमच्याकडे ठेवा. धातूचा भाव कराराच्या दिवशीचा लिहा आणि ओतीच्या दिवशी फरक पडला तर तो कुणी सोसायचा हेही. तांबं महिन्याभरात बरंच हलतं.

---

चौथरा_सातारा

परवानगी नंतर बघू, हे ऐकू नका. राज्य शासनाच्या २ मे २०१७ च्या निर्णयाप्रमाणे पुतळ्याला रीतसर परवानगी लागते आणि मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. ग्रामपंचायतीचा ठराव, जागेची कागदपत्रं, पोलिसांचा अभिप्राय, चौथऱ्याचा आराखडा हे सगळं जिल्हाधिकारी कार्यालयात जातं. जागा रस्त्याच्या हद्दीत असेल तर विषयच संपला. सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश सार्वजनिक रस्त्यांवर नव्या पुतळ्यांना परवानगी देऊ नका असा आहे. तेव्हा सातबारा किंवा मिळकत उतारा आधी बघा, मगच सांगाड्याला पाइप आणा.

मान्यतेला वेळ लागतो आणि तोवर माती जिवंत ठेवावी लागते. ओली गोणपाटं, वर प्लास्टिक, रोज पाणी. म्हणून समितीची लेखी पसंती आणि संचालनालयाची मान्यता ३ फुटी नमुन्यावर आधी घ्या, आणि ९ फुटी मातीवर पुन्हा दाखवा. जे मंजूर झालं त्याच्या उंचीत आणि ढबीत नंतर बदल करू नका. हात खाली घेतलाय, तर तो बदललेलाच नमुना पाठवा.

पैशाचे टप्पे कामाच्या टप्प्यांना बांधा. नमुना मंजूर झाल्यावर ३० टक्के, माती मंजूर झाल्यावर ३०, मेण तयार असताना धातू खरेदीसाठी ३०, बसवल्यावर १०. धातूचे पैसे हातात नसताना मेण पुढे रेटू नका. उन्हाळ्यात शेडमध्ये पडलेलं मेण वाकतं आणि चेहरा सरकतो. चौथरा, वाहतूक, क्रेन, जीएसटी या ओळी वेगळ्या.

आता आतला सांगाडा, कारण लोक बाहेरचं बघतात आणि पुतळा आतून पडतो. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उघडला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नटबोल्टना गंज चढल्याचं बांधकाम खात्याने त्याआधी काही दिवस कळवलं होतं. तुमचं काम ९ फुटांचं आणि समुद्रापासून दूर, पण नियम तोच. आत साधं लोखंड नको. ब्राँझला चिकटलेलं लोखंड ओलीत झपाट्याने गंजतं, फुगतं, आणि जोड उकलतो. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेसचे पाइप घ्या, दोन्ही पायांतून कमरेपर्यंत, कमरेत आडवा जोड आणि तिथून एक खांद्यापर्यंत. ब्राँझच्या आतल्या बाजूला ओतलेले कान ठेवा आणि त्यांना बोल्टने धरा, मध्ये नायलॉनचे वॉशर.

दोन्ही पायांच्या तळातून २५ मिमीच्या दोन-दोन स्टेनलेस सळया, किमान अडीच फूट आरसीसीत. काठी शोभेची ठेवू नका. तिच्या आत पाइप घालून टोक तळपट्टीला बांधलं की तो तिसरा पाय होतो आणि पुतळा हलायचं कारणच राहत नाही. कोल्हापूरला कावळा नाक्यावरच्या ताराराणींच्या पुतळ्यात घोडा मागच्या पायांवर उभा आहे, तिथे सगळा भार दोन घोट्यांतून खाली जातो. तसं धाडस तुमच्या आकृतीला करायची गरज नाही.

वाऱ्याचा दाब साधा काढता येतो: ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. पुणे परिसराला आयएस ८७५ (बांधकामावरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे ३९ मीटर प्रति सेकंद धरतात, त्याने चौरस मीटरला सुमारे ९१० न्यूटन येतं. समोरून अडीच चौरस मीटर आणि आकाराचा गुणक १.२ धरला तर साधारण २८० किलोचा आडवा रेटा, तोही साडेचार फुटांवर. हे सळयांना जड नाही, पण चौथऱ्याच्या पायाला आहे. दगडी चौथऱ्याचा पोकळ डबा करून वर फरशी टाकतात आणि सळया फरशीतच संपतात, ते चालणार नाही. आतला आरसीसी खांब जमिनीपासून सलग हवा. काम कधी पाटण-कोयनेकडे निघालं तर भूकंपाचा भारही धरायचा. ११ डिसेंबर १९६७ आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. आराखड्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या.

आणि दोन्ही पायांच्या सर्वांत खालच्या बिंदूला मागच्या बाजूने १२ मिमीचं भोक. ब्राँझ रात्री आतून घामेजतं, वरच्या बारीक छिद्रांतून पाऊसही शिरतो. भोक नसेल तर पाणी पायात साठतं आणि घोट्याच्या जोडातून हिरवा ओघळ फरशीवर उतरतो. ही भोकं फरशी बसवताना गवंडी सिमेंटने बुजवतात, स्वतः उभे राहा.

---

रासायनिक_पॅटिना

रंगाचं कुणी बोललं नाही म्हणून. ब्राँझवर ऑइल पेंट किंवा ड्युको मारून घेऊ नका. खाली ओल धरते आणि सोलतो. घासकाम झाल्यावर सँडब्लास्ट किंवा वायर ब्रश, मग पूर्ण तेलमुक्त. ब्लोटॉर्चने गरम करा, पाण्याचा थेंब टाकला की लगेच चुरचुरून उडाला पाहिजे. आधी पोटॅशियम सल्फाइडचं पातळ द्रावण काळ्या तळासाठी, धुवा, उंचवटे हलके घासून उघडे करा, मग फेरिक नायट्रेट पातळ करून थरांनी, हवा तो तपकिरी येईपर्यंत. दाट द्रावण एकदम मारलं की पपडी धरते. मास्क आणि उघडी हवा हवीच. शेवटी गरम असतानाच मेण.

समितीला लेखी द्या: जयंतीआधी चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावायची नाही. एका सकाळीत पॅटिना जातो आणि पुतळा पितळेच्या तांब्यासारखा पिवळा पडतो. साधं पाणी, मऊ कापड, वर्षातून एकदा मेण. गुलाल आणि दुधाचा अभिषेक झाला तर त्याच दिवशी धुवायचं. हार तारेने नाही, सुतळीने बांधायचा.

---

शाडू_पलूस

नोंदवून घेतलं सगळं. क्रेनचा पट्टा कुठे बांधायचा, एवढंच राहिलं. फेट्याभोवती नको हे कळतंय.

---

चौथरा_सातारा

काखेखालून दोन रुंद कापडी पट्टे, आत गोणपाट, साखळी नको. पण उचललेल्या हाताकडचा पट्टा सरकतो, म्हणून आतल्या स्टेनलेस पाइपाच्या खांद्याकडच्या टोकाला एम २० ची नट आधीच वेल्ड करून घ्या आणि मानेमागे गळपट्टीच्या घडीत तेवढं भोक ठेवा. आय बोल्ट (डोक्याला कडी असलेला) तिथे आवळायचा, पट्टे फक्त तोल सांभाळायला. भार ब्राँझवर नाही, सांगाड्यावर येतो. बसवून झाल्यावर आय बोल्ट काढा आणि त्याच धातूचा आट्यांचा गुडदा भोकात बसवा. वेल्डने कायमचं बंद करू नका, चौथरा दुरुस्त करायची वेळ आली तर पुतळा पुन्हा तिथूनच उचलावा लागेल.